उडता डोळा आणि बारीक वस्तु



वस्तु चित्रांत आहे, चित्र आपल्या हातांत आहे, दहा-बारा माणसें डोळे ताणून त्या चित्राकडे पाहत आहेत, आणि तरीही ती वस्तु कोणास दिसत नाहीं, असा एक प्रसंग आमच्या गांवावर येऊन गेला. आजचें माझें भाषण यंत्राच्या डोळ्याविषयीं आहे. पण त्या विषयाकडे मी या प्रसंगाच्या वाटेनें आलों, म्हणून आधीं तो सांगतों.

आमचें गांव बुलढाणा जिल्ह्यांतील मोताळा तालुक्यांत आहे. गोष्ट चार वर्षांपूर्वींची. तुळशीचें लग्न होऊन गेलें होतें, कापसाची वेचणी चालू होती आणि तूर पुरुषभर उंच झाली होती. आमच्या आळींतील एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारा गांव आबा म्हणतो, दुपारीं जेवून उठले ते कोणास न सांगतां शिवाराकडे निघून गेले. वय ऐंशीच्या पुढें. स्मृति दोन-तीन वर्षांपासून क्षीण झालेली. चार वाजले तरी ते परतले नाहींत, तेव्हां घरच्यांचा धीर सुटला. विहिरी पाहिल्या, नाला पाहिला, देऊळ पाहिलें. इतक्यांत कोणास तरी आठवलें कीं, लग्नाचीं छायाचित्रें घेणारा एक तरुण त्या दिवशीं गांवांत आलेला आहे व त्याच्यापाशीं ड्रोन आहे. तो बिचारा लग्नघर सोडून तत्काळ आला. त्यानें तें चार पंख्यांचें यंत्र शंभर मीटर उंच चढविलें, दोन बॅटऱ्या संपेपर्यंत, म्हणजे जेमतेम चाळीस मिनिटें, शिवारावरून फिरविलें आणि वाटेंत साठ छायाचित्रें घेतलीं. आम्ही सारे त्याच्या हातांतील फोनच्या कांचेवर ओणवे होऊन पाहत होतों. आबा कोठेंच दिसले नाहींत. सूर्य मावळला. रात्रभर लोक विजेऱ्या घेऊन हिंडले. सकाळीं शेळ्या चारणाऱ्या एका पोराला ते एका धुऱ्यावर बसलेले सांपडले. थंडीनें गारठलेले, पण जिवंत. आठ दिवस ताप आला आणि मग उतरला.

पंधरवड्यानें माझा पुतण्या पुण्याहून आला. तो संगणकाच्या व्यवसायांत आहे. त्यानें तीं साठ छायाचित्रें मोठ्या पडद्यावर घेतलीं आणि एकेक चित्र कोपऱ्या-कोपऱ्यानें मोठें करून तो पाहूं लागला. एकेचाळिसाव्या चित्रांत, तूर आणि कापूस यांच्या मधल्या धुऱ्यावर, एक पांढरा ठिपका होता. तो आबांच्या डोक्यावरचा रुमाल होता. त्याच्या खालीं खांदे होते. हें चित्र त्या संध्याकाळीं आमच्या डोळ्यांखालून गेलें होतें!

“काका, हें काम यंत्रानें केलें असतें,” असें पुतण्या म्हणाला. मी अंकगणित शिकविणारा मास्तर. मॅट्रिकच्या पुढें माझी मजल गेली नाहीं. तरी त्याचें म्हणणें पडताळून पाहावें असें मनांत आलें, आणि तेव्हांपासून मी त्याच्याकडून हें प्रकरण शिकत आलों आहें. त्यांतील अर्धा भाग निव्वळ अंकगणिताचा आहे, तो प्रथम सांगतों.

संगणकावरील चित्र हें ठिपक्यांच्या रांगोळीसारखें असतें. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात, आणि एका ठिपक्यांत एकच रंग मावतो. त्या ड्रोननें घेतलेल्या चित्रांत आडवे ५४७२ आणि उभे ३६४८, म्हणजे एकूण सुमारें दोन कोटि ठिपके होते. शंभर मीटर उंचीवरून त्या कॅमेऱ्याला जमिनीचा १५० मीटर लांब व १०० मीटर रुंद एवढा तुकडा दिसतो. आपल्या हिशेबानें पावणेचार एकर. भागाकार केला म्हणजे एका ठिपक्याच्या वांट्याला जमिनीचे पावणेतीन सेंटिमीटर येतात. बसलेला माणूस वरून पाहतां खांद्यापासून खांद्यापर्यंत अर्धा मीटर भरतो. तेव्हां आबा अठरा ठिपके रुंद झाले. अठरा ठिपके कांहीं अगदींच थोडे नव्हेत. अठरा ठिपक्यांच्या रांगोळींत आमच्या घरच्या मुली मोर काढतात. मग आम्हांला आबा कां दिसूं नयेत? कारण असें कीं, साडेपांच हजार ठिपक्यांची रांग फोनच्या वीतभर कांचेवर मावावी म्हणून फोननें ती दीड हजारांवर आणिली होती. त्या चेपण्यांत आबांचे अठरा ठिपके पांचांवर आले. पांच ठिपक्यांचा पांढरा डाग, आणि तोही फुटलेल्या कापसाच्या शेतालगत! तो कोणाच्या लक्षांत यावा?

आकाराइतकेंच महत्त्व उठावाला असतें, हेंही येथें सांगून ठेवितों. केंद्र सरकारची ‘स्वामित्व’ योजना २०२० सालीं सुरू झाली आणि गांवोगांवच्या गांवठाणांची मोजणी ड्रोननें होऊं लागली. त्या वेळीं ड्रोन येण्यापूर्वीं घरांच्या हद्दींवर चुन्याच्या रेघा ओढावयाच्या असत. पुष्कळांना तो सरकारी खुळचटपणा वाटला. वस्तुतः त्यांत फार शहाणपण होतें. चार बोटें रुंदीची रेघ एक-दोन ठिपक्यांतच बसते. परंतु काळ्या मातीवर पांढरा चुना, आणि तोही लांबच लांब ओढलेला, म्हणून तो वरून स्वच्छ दिसतो. आबांचा रुमालही पांढराच होता. पण त्याच्या शेजारीं पांच एकर पांढरा कापूस उभा होता.

आतां यंत्राच्या डोळ्याकडे वळूं. ज्यास इंग्रजींत न्यूरल नेटवर्क म्हणतात, त्याला मी जाळें म्हणेन. ह्यूबेल आणि वीझेल या दोन शास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं मांजराच्या मेंदूवरील प्रयोगांत असें दाखविलें कीं, दृष्टीच्या भागांतील एकेक पेशी साऱ्या दृश्याकडे पाहत नाहीं. दृश्याच्या एका लहानशा तुकड्यांत अमुक एका दिशेची कड आली म्हणजे तेवढ्यापुरती ती जागी होते. त्यांना १९८१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. जपानचे फुकुशिमा यांनीं १९८० सालीं त्याच धर्तीवर यंत्रासाठीं जाळें रचिलें, आणि १९८९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत यान लकून व त्यांचे सहकारी यांनीं टपालावरील हातानें लिहिलेले आंकडे वाचणारें जाळें सिद्ध केलें. आजच्या पुष्कळ जाळ्यांचें कूळ तेंच.

त्याची कृति अशी. नऊ घरांची एक चौकट घ्यावी, तीन आडवीं तीन उभीं. प्रत्येक घरांत एक आंकडा लिहावा. ही चौकट चित्रावर ठेवून खालच्या नऊ ठिपक्यांना त्या त्या आंकड्यांनीं गुणावें, बेरीज करावी, उत्तर नव्या कागदावर मांडावें, आणि चौकट एक घर पुढें सरकवावी. आंकडे एका प्रकारचे असले तर नव्या कागदावर फक्त उभ्या कडा उमटतात, दुसऱ्या प्रकारचे असले तर आडव्या. चौकट ही एक चाळणीच म्हणाना! अशा अनेक चाळण्यांचे थर एकावर एक रचिले म्हणजे खालच्या थराला कड कळते, मधल्या थराला कोपरा व गोलाई कळते आणि वरच्या थराला बैल, माणूस, बैलगाडी हीं कळूं लागतात. चाळणींतील आंकडे कोणी बसून ठरवीत नाहीं. ज्यांवर माणसांभोंवतीं चौकोन आखून ठेविले आहेत अशीं हजारों चित्रें जाळ्याला दाखवितात, तें चुकतें, चुकीच्या मानानें सर्व आंकडे किंचित् सरकवितात, पुन्हा दाखवितात. पाटीवर गणित चुकलें कीं पुसावयाचें आणि पुन्हा मांडावयाचें, यांत मला तरी नवें कांहीं वाटलें नाहीं.

पण या रचनेंत एक खोच आहे, आणि आपला सारा विषय त्या खोचेंत आहे. वर वर जातांना जाळें चित्र निम्में निम्में करीत जातें. कारण दोन: काम आटोपतें, आणि दूरदूरच्या ठिपक्यांचा एकमेकांशीं संबंध लागतो. साधारणतः अशा जाळ्याला ६४० गुणिले ६४० ठिपक्यांचें चित्र देतात. तें ३२०, १६०, ८०, ४० असें उतरत शेवटीं २० वर येतें. म्हणजे सर्वांत वरच्या थरांतील एक खण मूळच्या बत्तीस ठिपक्यांचा झाला. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कोको’ नांवाच्या चित्रसंग्रहानें बत्तीस गुणिले बत्तीस ठिपक्यांहून लहान ती ‘लहान वस्तु’ अशी व्याख्या केली आणि ती सर्वत्र रूढ झाली. अठरा ठिपक्यांचे आबा अशा एका खणांत रुमालासकट विरून जातात. तेंही केव्हां, तर चित्र आधीं चेपलें नाहीं तर! साडेपांच हजारांची रांग एकदम ६४० वर आणिली, तर आबा दोनच ठिपके उरतात. म्हणजे यंत्र आमच्या फोनहूनही आंधळें ठरलें.

यावर जे उपाय निघाले ते ऐकल्यावर वाटतें, एवढेंच ना? पहिला उपाय चित्र चेपूं नये, कापावें. आडवे नऊ व उभे सहा असे चौपन्न तुकडे करून एकेक तुकडा पूर्ण आकारांत जाळ्यासमोर धरावा. तुकड्यांच्या कडा थोड्या एकमेकांवर येऊं द्याव्या, नाहीं तर नेमका कापावयाच्या रेघेवर बसलेला माणूस दोहों तुकड्यांत अर्धा अर्धा जातो आणि कोठेंच ओळखूं येत नाहीं. दुसरा उपाय जाळ्याच्या आंतला. खालच्या थराला बारकावा दिसतो पण अर्थ कळत नाहीं. वरच्या थराला अर्थ कळतो पण बारकावा उरलेला नसतो. तेव्हां वरचें ज्ञान पुन्हा खालीं आणून खालच्या बारकाव्याशीं त्याची सांगड घालावी. ही युक्ति २०१७ सालीं ‘फीचर पिरॅमिड’ या नांवानें पुढें आली. १६० खणांच्या थरावर एक खण चारच ठिपक्यांचा असतो. तेथें आबांना चांगले चार-पांच खण मिळतात.

उपाय सोपे, खर्च मात्र मोठा. एका चित्राचे चौपन्न तुकडे, तर साठ चित्रांचे ३२४०. प्रत्येक तुकड्यावर कोट्यवधि गुणाकार. शहरांत बसून मोठ्या यंत्रावर हें होऊन जाईल. परंतु आमच्या शिवारांत फोनला धड एक दांडी मिळत नाहीं. चित्रें तेथून शहरांत पाठवावयाचीं कशीं? आणि सूर्य तर मावळतीला लागलेला. ड्रोनवरच मोठें यंत्र बसवावें म्हटलें, तर किलोभर वजनाच्या पांखराच्या पाठीवर दगड बांधल्यासारखें होतें. तें उडेल किती आणि बॅटरी टिकेल किती? म्हणून जाळेंच हलकें करावयाचें. या क्षेत्रांत आज जगभर जी धडपड चालली आहे, ती या हलकेपणासाठीं आहे.

हलकें कसें करितात, याचा एक नमुना आंकड्यांत देतों. गृहिणींनीं वाटल्यास कानाआड करावा, मुलांनीं कागद घ्यावा. एका थरांतून चौसष्ट चित्रें आलीं आहेत आणि पुढच्या थरांत चौसष्टच काढावयाचीं आहेत. चाळणी नऊ घरांची. साध्या रीतीनें प्रत्येक ठिपक्यासाठीं ९ गुणिले ६४ गुणिले ६४, म्हणजे ३६,८६४ गुणाकार पडतात. २०१७ सालीं गूगलच्या संशोधकांनीं ‘मोबाइलनेट’ नांवाचें जाळें प्रसिद्ध केलें, त्यांत हें काम दोन टप्प्यांत वांटलें आहे. आधीं प्रत्येक चित्र आपापल्या एकाच चाळणींतून काढावयाचें: ९ गुणिले ६४, म्हणजे ५७६. मग ठिपक्या-ठिपक्याशीं चौसष्ट चित्रांची सरमिसळ करावयाची: ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६. बेरीज ४६७२. जवळजवळ आठवा हिस्सा! उत्तर अगदीं तेंच येत नाहीं, पण कामापुरतें येतें. दुसरी काटकसर आंकड्यांच्या बारकाव्यांत करितात. जाळ्यांतील प्रत्येक आंकडा सराफाच्या कांट्यानें तोललेला असतो; तो किराणा दुकानाच्या तराजूनें तोलला तर बहुतेक ठिकाणीं बिघडत नाहीं आणि जागा चौथाईवर येते.

माझें मत विचाराल, तर काटकसर कोठें करावी हा यांतील खरा प्रश्न आहे. आळशी मनुष्य सर्वांत सोपी काटकसर करितो: चित्रच लहान करितो. हिशेबाच्या कागदावर जाळें वेगवान् दिसतें, आणि जें शोधावयाचें तेंच नाहींसें होतें. शहाणी काटकसर उलट आहे. शंभर मीटरांवरून पाहतां चित्रांत मोठें असें असतें काय? घरांचीं छपरें आणि झाडें. तीं कोणाला शोधावयाचीं आहेत? तेव्हां मोठ्या वस्तूंसाठीं राखलेला सर्वांत वरचा, सर्वांत जड थर काढून टाकावा, आणि त्यांत वांचलेला खर्च खालच्या बारीक थरावर करावा. मचाणावर बसून ज्वारी राखणारा मनुष्य डोंगराकडे पाहत नाहीं. कणसें कोठें हलतात तेवढें पाहतो.

हीच बारीक वस्तूची अडचण आपल्या जिल्ह्यांत दर वर्षीं दुसऱ्या रूपानें येते. गुलाबी बोंडअळी मी म्हणतों ती. २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली तेव्हां बोंडअळीची कथा संपली असें सर्वांना वाटलें होतें; पुढें गुलाबी अळी त्या वाणांना दाद देईनाशी झाली आणि २०१७ सालीं विदर्भांत तिनें हाहाकार केला. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हां फवारणी केव्हां करावी आणि केव्हां करूं नये हा प्रश्न पैशापुरता राहिलेला नाहीं. त्यासाठीं शेतांत कामगंध सांपळे लावितात. सलग तीन रात्रीं दर सांपळ्यांत आठ पतंग आले तर उपाय योजावा, असा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा दंडक आहे.

मी पुतण्याला उत्साहानें विचारलें, ड्रोननेंच पतंग मोजतां येणार नाहींत काय? त्यानें मला माझेंच अंकगणित करावयास लाविलें. पतंग एक सेंटिमीटरचा; शंभर मीटरांवरून तो एका ठिपक्याचा तिसरा हिस्सा होतो. जें एका ठिपक्यांतही मावून उरतें, तें कोणतेंही जाळें परत आणूं शकत नाहीं. अळीनें पाकळ्या गुंफून मिटवलेलें फूल, ज्याला आपण डोमकळी म्हणतों, तें दोन ठिपके. दहा मीटरांवर उतरलों तर डोमकळी अठरा ठिपक्यांची होते खरी. पण मग एका एकराला सत्तावीस चित्रें लागतात, पंख्यांच्या वाऱ्यानें पानें हलतात, आणि निम्म्या कळ्या पानांखालींच असतात.

मुंबईच्या वाधवानी ए. आय. या संस्थेनें म्हणूनच दुसरी वाट धरिली. डोळा वर नेण्याऐवजीं वस्तु डोळ्यापाशीं आणावी. सांपळ्यांतील पतंग पांढऱ्या कागदावर ओतावे, फोननें छायाचित्र घ्यावें, आणि फोनमधल्याच जाळ्यानें पतंग मोजून सल्ला द्यावा. ‘कॉटनएस’ असें त्या साधनाचें नांव आहे. तेथेंही पतंग बारीकच, पंख झडलेले, एकमेकांवर पडलेले. आणि तेथेंही जाळें इतकें आकुंचित करावें लागलें कीं, इंटरनेट नसतांनाही तें साध्या फोनवर चालावें. मला या कामांतला शहाणपणा फार आवडला. आकाशांतील डोळा नवा आहे म्हणून प्रत्येक काम त्याच्याच गळ्यांत बांधावें असें नाहीं.

वाघाचेंही तसेंच. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यांतून निघालेला एक वाघ २०१९ च्या डिसेंबरांत आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यांत येऊन पोंचला, हें आपणांस आठवत असेल. तो कळला गळ्यांतल्या रेडिओ-पट्ट्यामुळें. ज्ञानगंगेचें क्षेत्र सुमारें २०५ चौरस किलोमीटर. आमच्या त्या ड्रोनच्या हिशेबानें तेरा-चौदा हजार चित्रें, आणि वाघ बसलेला सागाच्या पानांखालीं! तेथें जाळ्याचा काय दोष?

आबांच्या शोधाकडे पुन्हा येतों. जाळ्याच्या हातून चुका दोन प्रकारच्या होतात. नसलेला माणूस दिसतो, किंवा असलेला माणूस दिसत नाहीं. प्रत्येक चौकोनाबरोबर जाळें आपली खात्री किती तो आंकडा देतें, आणि किती खात्रीपासून पुढचे चौकोन दाखवावे हा उंबरठा आपण ठरवितों. उंबरठा उंच केला तर पहिली चूक घटते, दुसरी वाढते; खालीं आणिला तर उलट. फवारणींत उगाच आलेली हांक महाग पडते: पैसा जातो, विष अंगावर येतें. हरवलेल्या माणसाच्या बाबतींत उगाच आलेली हांक म्हणजे एक फुकटचा हेलपाटा; न आलेली हांक म्हणजे एक रात्र थंडींत. दोन्हीं कामांना एकच उंबरठा लावणारा मनुष्य गणित जाणत असेल, पण त्याला गांव माहीत नाहीं.

पुतण्यानें प्रथम चीनमधील तियानजिन विद्यापीठाच्या लोकांनीं जमविलेल्या ‘व्हिजड्रोन’ नांवाच्या संग्रहावर एक हलकें जाळें शिकविलें. त्यांत दहा हजारांवर स्थिर चित्रें आहेत आणि माणसें, मोटारी, सायकली यांभोंवतीं चौकोन आखलेले आहेत. पण तीं चित्रें बहुतेक शहरांतल्या रस्त्यांचीं. आमच्या शिवारावर तें जाळें चालविलें, तेव्हां त्यानें खताच्या पोत्याला माणूस म्हटलें, बगळ्याला माणूस म्हटलें, आणि ओटी बांधून वांकून कापूस वेचणाऱ्या चौघींपैकीं एकीलाही माणूस म्हटलें नाहीं. वांकलेली बाई त्यानें जन्मांत पाहिलीच नव्हती.

म्हणून गेल्या दिवाळींत आम्हीं आमचींच चित्रें काढविलीं. तोच लग्नाचा छायाचित्रकार आला. आधीं गांवाची बैठक घेतली. कारण ज्या डोळ्याला धुऱ्यावरचे आबा दिसावे, त्याला परसांतली न्हाणीही दिसते, आणि बायकांनीं तो आक्षेप स्पष्टपणें घेतला. तो योग्यच होता. उड्डाण शिवारावरच करावें, वस्तीवर येऊं नये, असें ठरलें. मग कोणी रुमाल बांधून तुरींत बसला, कोणी धुऱ्यावर निजला, बाया वेचणी करीत राहिल्या. सकाळीं, भर दुपारीं आणि साडेचारच्या सुमारास अशा तीन वेळां चित्रें घेतलीं. शाळेंतल्या वरच्या वर्गांच्या मुलांनीं संगणकावर माणसांभोंवतीं चौकोन आखले. तेथें एक मजेदार तंटा उत्पन्न झाला. तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत साडेचार वाजतां उभ्या माणसाची सांवली त्याच्या उंचीच्या तिपटीहून लांब पडते. वरून माणूस अठरा ठिपक्यांचा आणि सांवली दोनशें ठिपक्यांची! चौकोन माणसाभोंवतीं घालावा कीं सांवलीसकट? एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, सांवली आहे म्हणूनच तर माणूस कळतो.” पुतण्यानें तें मान्य केलें आणि उभ्या माणसांसाठीं सांवलीसकट दुसरा चौकोन आखण्यास सांगितलें. बसलेल्या आबांना अर्थात् सांवलीचा उपयोग झाला नसता. ती तुरींत पडली होती.

नवें जाळें शिकून तयार झालें, तेव्हां आम्हीं त्याच्यासमोर तें जुनें एकेचाळिसावें चित्र ठेविलें. उंबरठा शंभरांपैकीं पन्नासावर होता. दोन चौकोन उमटले: एक बगळा, एक पोतें. आबा नाहींत. पुतण्यानें उंबरठा तिसावर आणिला. नऊ चौकोन उमटले, आणि त्यांतला एक धुऱ्यावर होता. खात्री एकतीस.

पुतण्या म्हणतो, तिसाचा उंबरठा ठेवितां येणार नाहीं. दर चित्राला नऊ धरले तर साठ चित्रांत पांचशें चाळीस जागा होतात, आणि अंधार पडण्यापूर्वीं तितक्या जागीं माणसें धाडणार कोण? मी म्हणतों, माणसें धाडावयाचीं कशाला? ते पांचशें चाळीस तुकडेच कापून पडद्यावर एकामागून एक मांडावे. एका तुकड्याला पांच सेकंद लागले तर चौघांचें बारा मिनिटांचें काम आहे, आणि बगळा कोणता व रुमाल कोणता हें ओळखावयास आमच्या गांवांत कोणाला शिकवावें लागत नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, मग जाळ्यानें केलें काय? दोन कोटि ठिपक्यांचीं साठ चित्रें पांचशें चाळीस तुकड्यांवर आणिलीं, हें मला पुष्कळ वाटतें. त्याला तें अपुरें वाटतें. तो जाळें आणखी शिकविणार आहे, त्यासाठीं यंदाच्या तुळशीच्या लग्नानंतर ड्रोन पुन्हा येईल. या खेपेस आबाही शेतावर येऊन बसावयास तयार आहेत. आपण पूर्वीं एकदा हरवलों होतों हें त्यांना आठवत नाहीं. रुमाल मात्र तोच आहे.